डायवरच्या अंगावरचे प्रवासी

गोचिडाला 'अहो' म्हणणारा माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात एकच आहे आणि तो आमच्या शेजारी राहतो. बाकीचे लोक कुत्र्याच्या अंगावर गोचीड दिसला की दगड शोधतात, चप्पल शोधतात, आणि फार धीट असतील तर दोन नखांत धरून चिरडतात आणि मग हात कुठे पुसायचा ते शोधतात. आमचे कंडक्टर काका मात्र आधी आवाज देतात. "चला, अहो, उतरा आता, स्टॉप आला," असं म्हणून ते गोचिडाला कुत्र्याच्या कानामागून अलगद सोडवतात, चुन्याच्या रिकाम्या डबीत बसवतात, आणि डबी भरली की अंगणाच्या पार टोकाला जाऊन भिंतीच्या पायथ्याशी उतरवून देतात. मारत नाहीत. "पॅशिंजर कितीही वांधेखोर असू दे," ते म्हणतात, "कंडक्टर त्याले उतरवते. जीव घेत नाही त्याचा."

काकांनी आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केली. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही बातमी अजून त्यांच्या शरीरापर्यंत पोचलेली नाही. घरातल्या घरात चालतानासुद्धा ते पाय फाकवून, एका हातानं काहीतरी धरून चालतात, जणू स्वयंपाकघर कधीही वळण घेईल. नोटा मोजायच्या असोत की मेथीची भाजी निवडायची असो, आधी अंगठा जिभेला लागतो. लग्नाच्या पंगतीत ते जेवायच्या आधी माणसं मोजतात. पौर्णिमेला विहारात गर्दी झाली की सगळे डोळे मिटून बसलेले असताना मागून त्यांचा आवाज येतो, "मधी जागा आहे, पुढं सरका." आणि लोक डोळे न उघडता सरकतात. घराच्या फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत त्यांनी एक दोरी ओढली आहे आणि तिच्या टोकाला कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीची घंटी बांधली आहे. एक घंटी म्हणजे चहा. दोन घंट्या म्हणजे मी बाहेर निघालो. काकूंनी त्यांना एकदा सगळ्या गल्लीदेखत सांगून ठेवलं आहे, "ज्या दिवशी तीन वाजतीन ना, त्या दिवशी समजजा का मी माहेरी चालली."

आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एक कमरेएवढी भिंत आहे. माझं टेबल वरच्या मजल्यावर खिडकीशी आहे आणि खिडकीतून काकांचं सगळं अंगण दिसतं. मी फारशी बोलत नाही. आमच्या घरी याला माझा स्वभाव म्हणतात आणि नातेवाइकांत याला इंग्लिश मीडियमचा परिणाम म्हणतात. भेटेल तो माणूस मला "बोलत का नाहीस गं?" असं विचारतो, आणि या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. काकांनी तो प्रश्न कधीच विचारला नाही. आम्ही इथे राहायला आलो त्या आठवड्यातच त्यांनी खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "काय वं, खिडकीची शीट भेटली वाटते तुले? नशीबवान आहेस. सोडू नको." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी खिडकीवाली. खिडकीत बसलेल्या माणसानं बोलायचं नसतं, बाहेर पाहायचं असतं, हे काकांना मान्य होतं. त्यामुळे आमचं छान जमलं.

त्यांच्या कुत्र्याचं नाव डायवर. तो धाड गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, काकांच्या नोकरीच्या अगदी शेवटच्या काळात, वांग्यांच्या टोपलीच्या आडोशानं गाडीत चढला. एवढंसं लाल रंगाचं पिल्लू. टोपलीवाली म्हणाली माझं नाही, शेजारचा म्हणाला माझं नाही, आणि बुलडाणा आलं तेव्हा ते काकांच्या तिकिटांच्या पेटीवर डोकं ठेवून झोपलेलं होतं. काकांनी त्याला घरी आणलं आणि नाव ठेवलं डायवर. का, असं कुणी विचारलं की ते सांगतात, "सारी जिनगी घंटी वाजवू वाजवू थकलो. एका डायवरनं माह्यं आयकलं नाही. म्या म्हटलं थांब, तं तो पुढं जाऊन थांबे. आता हा पाहा." आणि मग ते एक घंटी वाजवतात. डायवर जिथे असेल तिथे थांबतो. दोन वाजवतात, डायवर चालू लागतो. हा खेळ मी खिडकीतून इतक्या वेळा पाहिला आहे की एकदा बसस्टँडवर डबल बेल ऐकून मीच चालू लागले होते.

आता डायवरच्या अंगावर गोचीड होणं यात काही नवल नव्हतं. आमच्या ले-आउटच्या, म्हणजे वस्तीच्या, मागे शेतं सुरू होतात, जनावरं येतात-जातात, पावसाळ्यात गवत माजतं. प्रत्येक कुत्र्याला गोचीड होतात आणि प्रत्येक घरात त्यावर काहीतरी इलाज असतो. काकूंचा इलाज सोपा होता. त्यांना गोचीड दिसला की त्या मारायच्या. पण काकांच्या समोर मारायची सोय नव्हती, कारण काकांनी पहिलं शील धरलं होतं.

हे शील प्रकरण काकांनी मला एकदा भिंतीवर कोपर टेकवून सविस्तर समजावलं. आम्हीही त्याच विहारात जातो, पंचशील आमच्याही घरी रोज म्हटलं जातं, पण त्याचा असा बारकाईनं हिशेब मांडलेला मी कुठे ऐकला नव्हता. "आपण सारेच म्हणतो," काका म्हणाले, "पण गाडीत 'थुंकू नये' लिहेल राहते तसं. लोक वाचतात अन् थुकतात. म्या रिटायर झालो तवा ठरवलं, पाचातलं एक तरी धड पाळू. दारूचं पाळण्यात मजा नाही, म्या कधी पेलोच नाही. खोटं न बोलण्याचं कंडक्टरले जमत नाही. मांगं जागा आहे, असं म्हणाच लागते, मांगं मुंगी शिरत नसली तरी. आता रिटायर झालो तरी तोंडाले सवय आहे ना. मंग म्या पहिलं धरलं. जीव मारायचा नाही. मच्छर नाही, मुंगी नाही, गोचीड नाही."

"अन् रविवारचं मटण?" आतून काकूंचा आवाज आला. काकूंना भिंतीपलीकडचं बोलणं नेहमी ऐकू येतं, फक्त घंटी ऐकू येत नाही.

"ते म्या नाही मारत. ते खाटीक मारते."

"मंग गोचीड मी मारतो म्हणलं तं काऊन नाही म्हणता?"

"कारण डायवर माहा आहे. बोकड माह्या ओळखीचं नव्हतं."

याच्यावर काकूंनी भांडं आपटलं. काका माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "पाह्यलं? चेकर घरातच ठेवेल आहे."

गोचीड उतरवण्याचा कार्यक्रम रोज दुपारी जेवणानंतर चाले. काका चष्मा लावून ओट्यावर बसत. दोन घंट्या वाजत, डायवर चालत येई, आणि एक वाजली की त्यांच्या पुढ्यात आडवा होई. मग काका त्याच्या अंगावरून बोटं फिरवत शेपटीकडून पुढे सरकत, अगदी मागच्या सीटपासून तिकिटं विचारत आल्यासारखे. गोचिडांचे त्यांनी प्रकार पाडले होते. बारीक, तपकिरी, नुकते चढलेले ते हाफ तिकीट. चपटे, जुने, कानाच्या घडीत लपलेले ते विनातिकीट. आणि रक्त पिऊन टम्म फुगलेले, करड्या मण्यासारखे, ते सामानवाले. "अरे बापा, केवढं सामान घेतलं याच्यानं," असं म्हणत ते अशा एखाद्याला दोन बोटांच्या चिमटीत धरून उजेडात पाहत आणि मग डबीत सोडत. डबी भरली की पायात चपला घालून भिंतीच्या टोकाला जात, खाली वाकत, डबी उपडी करत आणि वर आमच्या खिडकीपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणत, "शेवटचा स्टॉप. सामान पाहून उतरा. गाडीत काही विसरू नका."

पण पावसाळा चढत गेला तशी प्रवासीसंख्या वाढू लागली. काकांना वाटलं गाड्या कमी पडतायत, म्हणून त्यांनी दुपारच्या फेरीला सकाळची फेरी जोडली. तरी अंगावर गोचीड असायचेच. मग त्यांनी इलाज सुरू केले. जीव न घेता नुसते हाकलून लावणारे इलाज. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी उकळून त्यांनी डायवरला आंघोळ घातली. डायवर हिरवा झाला आणि दोन घरं सोडून एका बाळाच्या वाळत घातलेल्या दुपट्यावर जाऊन लोळला. मग करंजाचं तेल झालं. त्या तेलानं गोचीड गेले नाहीत, पण काकूंची चटई गेली. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की कडुनिंबाचा धूर केला की गोचीड अंगण सोडून जातात. ओला पाला, खाली गोवऱ्या, आणि वारा आमच्या घराकडे.

नेमकी त्या वेळी माझी पुण्याच्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत चालू होती. मी इस्त्रीचा कुर्ता घालून लॅपटॉपसमोर बसले होते. समोर तीन चौकोनांत तीन माणसं होती, आणि त्यातल्या मधल्या बाईंनी सांगितलं की अडचणीच्या प्रसंगी तुम्ही शांत राहता याचं एखादं उदाहरण द्या. मी तोंड उघडलं आणि खिडकीतून पांढरा धूर आत आला. स्क्रीनवर आधी माझे कान दिसेनासे झाले, मग मी. त्या बाईंनी काळजीनं विचारलं, "इज देअर अ फायर?" आणि त्याच क्षणी खालून काकांचा आवाज आला, पन्नास माणसांच्या गाडीला पुरेल असा, "चला चला चला! दारात उभे राहू नका! मधल्यांनी बाहेर पडा!" मला खोकला आवरेना. मी "नो मॅम, टिक्स," एवढंच म्हणू शकले. ती नोकरी मला मिळाली नाही, पण माझी खात्री आहे की ते लोक अजून माझ्याबद्दल बोलत असतील.

त्यानंतर कोंबडी आली. उंद्री गावच्या त्यांच्या बहिणीनं सांगितलं की गोठ्यात कोंबड्या असल्या की गोचीड राहत नाहीत, वेचून खातात. यावर काकांनी दोन दिवस विचार केला. कोंबडीनं गोचीड खाल्ला तर ते पाप कुणाचं? शेवटी निकाल लागला की तो तिचा आहार आहे आणि दुसऱ्याच्या ताटात आपण पाहू नये. मग ते स्वतः उंद्रीला गेले आणि पिशवीतून एक पांढरी कोंबडी घेऊन एसटीनं परत आले. गाडीत त्यांनी कोंबडीचंही तिकीट मागितलं. तरुण कंडक्टर म्हणाला, राहू द्या काका, मांडीवर आहे ना. काका म्हणाले, "नियम म्हणजे नियम. फाड." त्या मुलानं मशीन दाखवून सांगितलं की यात फाडायचं काही नसतं आणि कोंबडीचं बटणही नसतं. काका घरी आले ते कोंबडीपेक्षा त्या मशीनवर चिडून. कोंबडीनं पहिल्या दिवशी डायवरच्या ताटातला भात खाल्ला. दुसऱ्या दिवशीही भातच खाल्ला. तिसऱ्या दिवसापासून ती उन्हात डायवरच्या पाठीवर जाऊन बसू लागली आणि गोचीड तिच्या पायांजवळून आरामात फिरत. "घ्या," काकू म्हणाल्या, "अजून एक पॅशिंजर चढला."

पोळा तोंडावर आला आणि एक दिवस घंटी वाजली तरी डायवर उठला नाही. मी खिडकीतून पाहत होते. काकांनी पुन्हा वाजवली. डायवरनं फक्त शेपटीचं टोक हलवलं, आणि तेही काकांच्या समाधानासाठी हलवल्यासारखं. भात तसाच होता, कोंबडीसुद्धा त्याला शिवली नव्हती. काका ओट्यावरून उतरले, त्याच्याजवळ बसले आणि मग त्यांनी वर पाहिलं. "खिडकीवाले," ते म्हणाले, "येतेस का वं संग? ढोराच्या दवाखान्यात नवीन डॉक्टरीण आली म्हणतात. इंग्रजी बोलली तं मले काही समजणार नाही."

ऑटोत डायवरचं डोकं काकांच्या मांडीवर होतं आणि मागचे पाय माझ्या. डॉक्टरीणबाई इंग्रजी अजिबात बोलल्या नाहीत. त्यांनी डायवरची खालची पापणी ओढून पाहिली, हिरड्या पाहिल्या, रक्त काढलं, तपासलं आणि म्हणाल्या, "गोचीड ताप आहे, काका. रक्त पार उतरलं त्याचं. गोचीड काढत नाही का तुम्ही?"

"रोज काढतो. दोन टाइम."

"मग काढून काय करता?"

"उतरवून देतो."

"कुठे?"

"अंगणात. पार टोकाले."

डॉक्टरीणबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. "जिवंत?"

"मंग काय मेलेले उतरवू?"

बाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी डायवरकडे पाहू लागले. मग त्यांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, मानेवर टाकायचं औषध दिलं, आणि अगदी शांतपणे समजावलं की टम्म झालेली मादी मातीत, भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते, आणि अंगण फवारल्याशिवाय हे थांबायचं नाही. "या खेपेला वाचेल बहुतेक. पुन्हा झाला तर मी हमी देत नाही. कुत्रं पाहिजे की गोचीड, एक काय ते ठरवा."

परतताना काका डायवरचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसले होते. ऑटोवाल्याला 'हळू घे' सुद्धा म्हणाले नाहीत, आणि खड्डे पुष्कळ होते.

संध्याकाळी भिंतीपलीकडे भांडण झालं. काकू म्हणत होत्या, मी फवारीन, तुम्ही विहारात जाऊन बसा, तुमचं शील तुमच्यापाशी राहील. काका म्हणत होते की फवारायची गरजच नाही. त्यांचा युक्तिवाद असा होता की त्यांनी उतरवलेले गोचीड केव्हाच आपापल्या गावी गेले. भिंत कुठे, ओटा कुठे. डायवर झोपतो ओट्याखाली. एवढं अंतर गोचीड चालून येईल का? "हे आता चढतात ते नवीन आहेत. बाहेरगावचे. त्याले माह्यं अंगण काय करीन?"

"तुमचं शील अन् माह्यं कुत्रं," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. डायवरला त्या आजवर कधी 'माझं' म्हणाल्या नव्हत्या.

मी वर टेबलाशी बसले होते. मला जे माहीत होतं ते खाली दोघांनाही माहीत नव्हतं, कारण ते दोघं दुपारी झोपतात आणि मी झोपत नाही. मी जिना उतरले. भिंतीशी जाऊन उभी राहिले. शेजारच्या घरातल्या भांडणात बोलायची माझी ही पहिलीच वेळ होती, आणि भांडणात काय, एरवीही मी स्वतःहून क्वचितच सुरुवात करते.

"काका," मी म्हटलं, "डायवर दुपारी ओट्याखाली झोपत नाही."

दोघंही वळले.

"तुम्ही आत गेलात की तो उठतो. इथे भिंतीपाशी येतो. आमच्या नळाचं पाणी या बाजूनं झिरपतं ना, म्हणून माती गार असते. तुम्ही जिथे त्यांना उतरवता, तिथेच तो झोपतो. रोज." मग मला पुढचं कसं सांगावं ते कळेना. आमच्या जिल्ह्यात अर्धे नोकरदार एका गावात राहतात आणि दुसऱ्या गावात कामाला जातात, आणि त्याला एकच शब्द आहे. "ते अपडाऊन करतात, काका."

काकू आधी पायरीवर बसल्या आणि मग हसू लागल्या. रडतानाच हसू लागल्या, त्यामुळे ते थांबवणं त्यांना जमेना. काका मात्र भिंतीच्या टोकाशी गेले. तिथे ओल्या मातीत डायवरच्या अंगाच्या मापाचा एक खळगा होता, त्यात लाल केस होते. काकांनी बाजूची वीट उचलली. वाकून बराच वेळ विटेखाली पाहत राहिले.

"आँ," ते शेवटी म्हणाले. "हे तं सारे पासवाले निघाले."

वीट त्यांनी हळूच होती तशी ठेवली, कुणाचं बोट खाली येऊ नये अशी. मग ओट्याशी येऊन डायवरजवळ बसले. "म्हंजे म्याच गाडी चालू ठेवली याह्यची," ते त्याला म्हणाले. "रोज दोन फेऱ्या. वेळेवर." डायवरनं डोळे उघडले नाहीत. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "जाऊ द्या. मी फवारीन उद्या." काका म्हणाले, "नाही. गाडी माही, डायवर माहा. चेकर आला तं तुले पुढं करू का?"

दुसऱ्या दिवशी पोळ्याची आदली संध्याकाळ होती. मागच्या शेतातल्या गोठ्यात बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळणं चाललं होतं आणि तिथला म्हातारा बैलांच्या कानाशी लागून दरवर्षीसारखं म्हणत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्याच वेळी इकडे आमचे काका हातात चुन्याची डबी घेऊन अंगणभर फिरत होते. भिंतीच्या प्रत्येक भेगेशी, पायरीच्या खाली, त्या खळग्यापाशी थांबत होते, डबीवर टकटक करत होते आणि सूचना देत होते. "उद्या सकाळी फवारणी आहे. सगळ्या पॅशिंजरनं आयकून घ्या. ज्याले जायचं आहे त्यानं आज रातीच निघा. शेताकडं जाऊ नका, तिथं बैल आहेत. सामान घ्या, लेकरं घ्या. मंग म्हणू नका का कंडक्टरनं सांगतलं नाही." पायरीखाली बोलताना ते गुडघ्यांवर वाकले, तेव्हा काकू दिवा घेऊन उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "नीट सांगा," एवढंच म्हणाल्या, "मोठ्यानं सांगा. म्हातारे असतीन त्यात."

सकाळी काका पाठीवर फवारणीचा पंप घेऊन अंगणात आले. पंप मागच्या शेतातून मागून आणलेला होता. नाका-तोंडाला काकूंचा पंचा बांधलेला आणि अंगात त्यांचा जुना खाकी शर्ट, ज्याची बटणं आता पोटावर लागत नव्हती. डायवर आणि कोंबडी आमच्या गच्चीवर, माझ्या ताब्यात. काकांनी दोरी ओढून दोन घंट्या वाजवल्या आणि फवारायला सुरुवात केली. एकही भेग सोडली नाही. कामात त्यांनी कधी अर्धवटपणा केला नाही, इथेही केला नाही. पण सबंध वेळ ते एक शब्द बोलले नाहीत. एवढ्या वर्षांत काकांना न बोलता काही करताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ते विहारात गेले. तिथे काय झालं ते नंतर काकूंनी माझ्या आईला सांगितलं. वंदना घेणाऱ्या वडीलधाऱ्यांसमोर बसून काका म्हणाले, "पहिलं फाटलं माह्याकडून. डुप्लिकेट भेटते का?" ते म्हातारे गृहस्थ म्हणाले, "भेटते. पण रांगेत पाचही घ्या लागतात." मग काकांनी पाचही पुन्हा घेतली. मागं जागा आहे म्हणण्याबद्दलचं सुद्धा.

डायवर वाचला. गौरी-गणपतीच्या सुमारास एका दुपारी काकांनी सवयीनं एक घंटी वाजवली आणि अजून आमच्याच गच्चीच्या जिन्यात झोपणारा डायवर उठून उभा राहिला. काकूंनी त्या दिवशी एका घंटीला खरोखर चहा आणला, तोही दोन कप आणि एक वाटी. कोंबडी तेवढी उंद्रीला परत गेली नाही. आता तिचंही नाव ठेवलं आहे, क्लीनर.

मला पुढे नांदुऱ्याच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी लागली. म्हणजे मीही आता अपडाऊन करते. सकाळी मी फाटकातून निघते तेव्हा काका ओट्यावरून दोन घंट्या वाजवतात आणि म्हणतात, "खिडकी धरजो वं." ते आता ओट्यावरून फारसे उतरत नाहीत. डायवरच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेत आणि त्यालाही एका घंटीचा आणि दोन घंट्यांचा फरक हल्ली पटकन कळत नाही. दोघं दुपारी शेजारी शेजारी बसतात. काकांची बोटं अजून शेपटीपासून पुढे सरकत डायवरच्या कानापर्यंत जातात, पण गाडी रिकामीच असते. सुट्टीच्या दिवशी मी वरून पाहते. कधीकधी मला वाटतं काकांना थोडं चुकल्यासारखं होतं.

गेल्या रविवारी त्यांचा हात कानामागे थांबला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि मग दोन बोटांत काहीतरी धरून उजेडात पाहिलं. चुन्याची डबी कधीच हरवली होती, म्हणून त्यांनी ते तळहातावर ठेवलं. शेजारी साबणाच्या पाण्याचा डबा होता. सापडलेला गोचीड त्यात बुडवायचा असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापासून तो तिथे असतोच. काकांनी डब्याकडे पाहिलं, भिंतीच्या टोकाकडे पाहिलं, आणि मग वर माझ्याकडे.

"खिडकीवाले," ते म्हणाले, "एकटाच आहे वं हा."

मी उठले, आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.